मास्टरची जादा किल्ली

मास्टरचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं, म्हणून तीस वर्षं तो बसूनच होता. एका बाजूला चपला-बुटांचं दुकान, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स, आणि मधे भिंतीभर कोऱ्या किल्ल्या लटकवून बसलेला हा. मास्टर हे नाव कुणी ठेवलं असं विचारलं तर तो "लोकांनी" म्हणून सांगायचा. खरं म्हणजे ते त्याने स्वतःच ठेवलं होतं, पाटीवर रंगवून घेतलं होतं, आणि मग लोकांनी पाटी वाचली होती.

आपल्या हाताचा त्याला गर्व होता आणि गर्व लपवायची कला त्याला येत नव्हती. कुठलंही कुलूप आपल्यापुढे पाच मिनिटांच्या वर तोंड मिटून बसू शकत नाही, असं तो म्हणायचा. पुलाखाली किल्ल्या करणारा आणखी एक होता, त्याच्याकडे यंत्र होतं. त्याला हा 'मशीनवाला' म्हणायचा, आणि तो शब्द असा उच्चारायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, त्या बिचाऱ्याला काही संसर्गाचा रोग असावा. पण या सगळ्या बढायांत एक गोष्ट शंभर टक्के खरी होती. मास्टरने कुणाच्याही घराची जादा किल्ली कधी स्वतःकडे ठेवली नव्हती. चुकीची घासली गेलेली किल्लीसुद्धा तो गिऱ्हाइकासमोर पकडीने मोडायचा आणि दोन्ही तुकडे त्याच्या हातात द्यायचा. आपण फार थोर आहोत म्हणून नव्हे. या धंद्यात विश्वास गेला की काय उरतं, तर जिन्याखाली बसलेला एक माणूस, एवढं त्याला कळत होतं.

मग ती तिजोरी आली. एका वकिलाच्या वडिलांची जुनी लोखंडी तिजोरी तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवायची होती. मास्टरचं काम ती उघडण्यापुरतं, ते त्याने चार मिनिटांत केलं. त्यानंतर हात धुऊन घरी जायचं, तर हा जिन्यात उभा राहून हमालांना अक्कल शिकवायला लागला. "डावीकडे घ्या. अहो, तुमच्या नव्हे, माझ्या डावीकडे." हमालांनी ऐकलं. तिजोरी त्याच्या डावीकडे आली. ती अडवायला त्याने खांदा लावला आणि कमरेत काहीतरी खटकन सुटलं. हमालांना साधं खरचटलंसुद्धा नाही.

मणक्याचं ऑपरेशन झालं. सर्जनने घरी सोडताना दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या, अफूच्या जातीच्या. "दुखलं तरच घ्या," असं बजावून सांगितलं. मास्टरने पहिली गोळी दुपारी घेतली आणि अर्ध्या तासात त्याला कळलं की आजपर्यंत आपलं सगळंच दुखत होतं. कंबर थांबलीच, पण दूरच्या शहरात नोकरीला गेलेल्या मुलीची काळजीही थांबली. शेजारच्या खोलीत सासूबाई टीव्ही लावायच्या, त्यांना कमी ऐकू यायचं म्हणून तो अख्ख्या इमारतीला ऐकू जायचा. त्या गोळीने टीव्हीचा आवाजसुद्धा खाली आणला. मास्टर गादीवर पडून छताकडे बघत हसला. बायको म्हणाली, "बरं वाटतंय ना?" तो म्हणाला, "लग्नानंतर पहिल्यांदाच." हा विनोद आहे असं त्याला त्या वेळी वाटलं होतं.

दहा दिवसांची दोन वर्षं कशी झाली, हे तो पुढे व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात सांगायचा तेव्हा समोरचे हसायचे, कारण त्यातल्या निम्म्यांनी तेच केलेलं असायचं. सर्जनने गोळ्या बंद केल्या तेव्हा तो दुसऱ्या डॉक्टरकडे गेला. मग तिसऱ्या. एकाला त्याने मान दाखवली, एकाला गुडघा. एका तरुण डॉक्टरसमोर तो लंगडत गेला आणि परतताना विसरून नीट चालत बाहेर आला. गावातल्या चार औषधवाल्यांकडे त्याच्या चार वेगवेगळ्या कमरा होत्या. दोन गोळ्यांच्या चार झाल्या, चाराच्या आठ, आणि शेवटी दिवसाला बारा. त्यातून सुखबिख आता मिळत नव्हतं. बारा गोळ्या खाऊन तो फक्त बाकीचे लोक गोळीशिवाय जिथे असतात तिथे पोचायचा. शिवाय पोट असं कुलूपबंद झालं होतं की सकाळी तो वर्तमानपत्र घेऊन संडासात जायचा आणि जाहिरातींसकट संपूर्ण वाचून, हात हलवत बाहेर यायचा. जगातलं प्रत्येक कुलूप उघडणारा माणूस, असं तो स्वतःशीच म्हणायचा, आणि बघा.

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांचे डोळे बघणं हेच तिचं काम. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "अहो, तुमच्या बाहुल्या इतक्या बारीक का दिसतात?"

"उजेडात काम करतो ना," मास्टर म्हणाला.

"जिन्याखाली?"

त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून तो चिडला. उत्तर नसलं की चिडायचं, हे त्याला दोन वर्षांत चांगलं जमायला लागलं होतं.

आठवड्याभराने तिला कोऱ्या किल्ल्यांच्या डब्यात गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सापडल्या. एक नाही, दोन नाही, डबा भरून. ती आरडाओरडा करणाऱ्यांतली नव्हती. तिने आकड्यांचं कुलूप असलेली पोलादी पेटी आणली, घरातल्या सगळ्या गोळ्या तीत ठेवल्या आणि म्हणाली, "सकाळी एक, संध्याकाळी एक. मी देणार."

कुलूपवाल्यापासून कुलपात ठेवायचं, ही कल्पना किती भाबडी होती हे तिलाही कळत असणार. पण माणूस अडला की सुचेल ते करतो. ती कामावर गेली. मास्टरने पेटी कानाशी धरली, आकडे फिरवले. पन्नास सेकंद. पूर्वी असा पराक्रम केला की तो निदान झेरॉक्सवाल्याला तरी सांगायचा. आज कुणाला सांगायचं, हा प्रश्न पडला. त्याने दोन गोळ्या घेतल्या, पेटी बंद केली, आकडे होते तसे लावून ठेवले आणि पुसूनसुद्धा ठेवली. कामात तो व्यवस्थित होता.

पेटी हलकी होत चाललीय हे बायकोच्या लक्षात आलं, तेव्हा तिने गोळ्या आपल्या आईच्या ताब्यात दिल्या. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी गोळ्या स्वतःच्या पोलक्याच्या आतल्या खिशात ठेवल्या आणि खिसा टाचणीने बंद केला. त्या टाचणीपुढे मास्टरच्या तीस वर्षांच्या विद्येने हात टेकले.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "आता उघडा."

मग त्याने ठरवलं की आपण स्वतःच सोडायच्या. कुणाची मदत नको, डॉक्टर नको. सोमवारी सकाळी त्याने घरात जाहीर केलं, तेही भाषणाच्या सुरात. सोमवारी दुपारी त्याला जांभया सुरू झाल्या. एकामागून एक, जबडा निखळेल अशा. मग डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, शिंका. संध्याकाळपर्यंत अंगावर काटा, घाम आणि थंडी एकाच वेळी. मंगळवारी पाय त्याचे राहिले नाहीत. झोपलं तर उठावंसं वाटायचं, उठलं तर बसावंसं, बसलं तर पाय कापून शेजाऱ्याला द्यावेसे वाटायचं. आणि दोन वर्षं बंद असलेलं पोट एकदम उघडलं. ज्या खोलीत तो वर्तमानपत्र वाचायचा, तिथे आता वाचायला सवड मिळेना.

बुधवारी दुपारी तो न्हाणीघरातल्या फरशीवर गाल टेकून पडला होता, कारण फरशी गार होती आणि संडास जवळ होता. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मरताय का?"

"नाही," मास्टर म्हणाला. "पण मेलो असतो तर बरं झालं असतं असं वाटतंय."

"मग तोंडात काहीतरी घाला," असं म्हणून त्यांनी साखर-मीठ घातलेल्या पाण्याचा पेला त्याच्या डोक्याशी ठेवला आणि भिंतीला धरून त्या तिथेच स्टुलावर बसल्या. तासभर त्या तिथून उठल्या नाहीत. टीव्ही बंद होता. मास्टरला रडू आलं. त्यातलं किती सासूबाईंच्या मायेमुळे आणि किती नुसतं डोळ्यांतून येणारं पाणी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

गुरुवारी सकाळी तो "जरा पाव आणतो" म्हणून बाहेर पडला. तासाभराने परत आला तेव्हा घाम नव्हता, शिंका नव्हत्या, चालण्यात डौल होता आणि पाव नव्हता.

निश्चयाचा हा असा निकाल लागला. त्यानंतर थोड्याच दिवसांत चारही औषधवाल्यांनी हात वर केले. वरून काही तपासणी आली होती, जुन्या चिठ्ठ्यांवर गोळ्या मिळेनात. मास्टर एकेक गोळीचे दोन तुकडे करू लागला, मग चार.

त्याच आठवड्यात बाईंचा निरोप आला. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, अर्ध्या वस्तीला शिकवलेलं, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणायचे. महिन्यापूर्वी त्यांचे यजमान गेले होते. बरेच दिवस आजारी होते. घरात नर्स, मदतनीस, नातेवाईक अशा अनेकांकडे किल्ल्या गेल्या होत्या, म्हणून बाईंना कुलूप बदलून हवं होतं. "आता एकटीच आहे," त्या म्हणाल्या. "भीती नाही वाटत, पण किती जणांकडे किल्ली आहे ते आठवत नाही, त्याचा त्रास होतो."

मास्टरने नवीन कुलूप बसवलं. हात धुवायला आत गेला तेव्हा बेसिनवरचं कपाट अर्धवट उघडं होतं. आत यजमानांची औषधं अजून तशीच होती, आणि खालच्या फळीवर, रबराने बांधलेल्या, त्याच जातीच्या गोळ्यांच्या सहा पट्ट्या. त्याच्या गोळ्यांपेक्षा जोरदार. त्याने हात धुतले. दुसऱ्यांदा धुतले. बाहेर येऊन त्याने बाईंच्या हातात तीन किल्ल्या ठेवल्या.

"तीनच आहेत ना?" बाईंनी विचारलं.

"तीनच," मास्टर म्हणाला. चौथी त्याच्या खिशात होती. कुंपणानेच शेत खायचं ठरवलं की त्याला कसलाही आवाज होत नाही.

दोन दिवसांनी, अकरा वाजता, बाई मुलांना गोष्टी वाचून दाखवायला वाचनालयात जातात त्या वेळी, तो त्यांच्या घरात शिरला. तीन पट्ट्या काढून त्याने हत्यारांच्या पिशवीत टाकल्या, बाकीच्यांना रबर पुन्हा नीट लावलं. दार ओढून घेऊन वळतो तर बाई जिन्यात उभ्या. वाचनालय त्या दिवशी रंगकामासाठी बंद होतं.

"तुम्ही?"

"कुलूप नीट बसलंय का बघायला आलो होतो," मास्टर म्हणाला. दोन वर्षांत खोटं बोलणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं, ते विचार न करता बाहेर यायचं. "नवीन कुलूप कधीकधी अडकतं."

बाईंचे डोळे भरून आले. "न सांगता, स्वतःहून आलात. अशी माणसं आता राहिली नाहीत हो. चला, चहा घ्या."

नाही म्हणायची सोय नव्हती. मास्टर पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीवर बसला. जरा हललं की पिशवीतल्या पट्ट्या कुरकुरायच्या. सकाळपासून एकच पाव गोळी पोटात असल्यामुळे त्याचं नाक वाहायला लागलं होतं, डोळ्यांतून धार लागली होती. बाई यजमानांच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलत होत्या. बोलता बोलता त्यांनी त्याच्याकडे बघितलं, थांबल्या, उठून आत गेल्या आणि घडी घातलेला रुमाल घेऊन आल्या.

"त्यांचाच आहे," त्या म्हणाल्या. "ठेवा तुमच्याकडे. तुम्ही त्यांना फारसं ओळखतही नव्हता, तरी रडताय."

मास्टरने मेलेल्या माणसाच्या रुमालात नाक शिंकरलं, त्याच माणसाच्या गोळ्या मांडीवर घेऊन. पुढे हा प्रसंग तो सांगायचा तेव्हा म्हणायचा, "चहात साखर दोन चमचे घेतली, बिस्किटंसुद्धा खाल्ली. लाज वाटली म्हणून भूक मेली, असं काही झालं नाही."

त्या संध्याकाळी बायकोला पिशवीत पट्ट्या सापडल्या. एकीवर दवाखान्याची चिकटपट्टी होती आणि तिच्यावर बाईंच्या यजमानांचं नाव. बायको ते नाव वाचून खुर्चीवर बसली. 

"किल्ली होती?" तिने विचारलं.

मास्टरने खिशातून चौथी किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"उद्या मी रजा टाकते," ती म्हणाली. "आपण दवाखान्यात जायचं. तुम्ही यायचं नाही म्हणालात, तर मी ही किल्ली घेऊन बाईंकडे जाईन." आवाज चढवला नव्हता तिने. चढवला असता तर तो भांडून निसटला असता.

व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात एक बुटक्या, गंभीर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला एक औषध देणार आहे, जिभेखाली ठेवायचं. पण त्याआधी अंगातली जुनी गोळी उतरलेली हवी. ती अंगात असताना हे दिलं, तर एरवी दोन दिवसांत होतो तो त्रास अर्ध्या तासात होईल. म्हणून खरं सांगा. आज सकाळी काही घेतलंत?"

"छे," मास्टर म्हणाला. "कालपासून तोंडात काही नाही."

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा दिवा त्याच्याकडे वळवला, डोळ्यांत बघितलं आणि दिवा परत फिरवला. "तुमच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आहेत. उद्या या. खरे आजारी होऊन या."

बायको बाहेर आल्यावर म्हणाली, "मी हेच सांगत होते."

दुसऱ्या दिवशी तो आला तो वाहत्या नाकाने, शहारलेल्या अंगाने, दर दोन मिनिटांनी जांभया देत, खुर्चीत पाय झाडत. डॉक्टरीणबाई त्याला बघून पहिल्यांदा हसल्या. "हं, आज छान दिसताय."

गोळी जिभेखाली ठेवून ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही, असा नियम होता. मास्टरला दहा मिनिटं गप्प बसलेलं बायकोने लग्नात पाहिलं होतं, त्यानंतर आजच. तासाभरात पाय शांत झाले. दोन तासांनी थोडी आणखी दिली. दुपारी तो बाकावर बसून खिडकीतून रस्ता बघत होता आणि त्याला भूक लागली होती, नुसती साधी भूक.

"म्हणजे बरा झालो?" त्याने विचारलं.

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आता बरं व्हायला सुरुवात करता येईल. हे औषध महिनोन् महिने घ्यावं लागेल, कदाचित वर्षं. घाईने सोडायचं नाही. आणि एक लक्षात ठेवा. मधे पुन्हा जुन्या बारा गोळ्या घ्यायचं मनात आलं, तर आता शरीराला ती सवय राहिलेली नसेल. श्वास थांबून माणूस जातो. मोह झाला तर आधी मला फोन."

"मी इतका कच्चा कसा निघालो, डॉक्टर?"

"कच्चे-पक्के काही नाही. हा आजार आहे. रक्तदाबासारखा."

मास्टर जरा हिरमुसला. आपला ऱ्हास काहीतरी भव्य असेल असं त्याला वाटत होतं. आणि तो निघाला रक्तदाबाच्या रांगेतला.

सासूबाईंना जिभेखालच्या गोळीचं फार कौतुक वाटलं. रोज सकाळी त्या स्वतः ती काढून द्यायच्या आणि समोर बसायच्या. "दहा मिनिटं आवाज नाही," त्या शेजारणीला सांगायच्या. "हे औषध तीस वर्षांपूर्वीच यायला हवं होतं."

पहिले महिने काही मोठ्या ऐटीत गेले नाहीत. झोप तुटक लागायची. काम करताना हात मधेच थांबायचे आणि आपण काय करत होतो ते आठवायचं नाही. तीन वेळा तो औषधवाल्याच्या रांगेत जाऊन उभा राहिला. दोनदा नंबर आल्यावर गोंधळून डझनभर टूथपेस्ट घेऊन परतला. तिसऱ्यांदा त्याने रांगेतूनच डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि त्या बोलत होत्या तोवर हळूहळू मागच्यांना पुढे सोडत राहिला. घरात अडीच वर्षं पुरेल इतकी टूथपेस्ट झाली. दर शनिवारी दवाखान्यात सगळे पेशंट गोल करून बसायचे आणि आपापलं सांगायचे. तिथे मास्टर लवकरच लोकप्रिय झाला, कारण तो स्वतःची अशी टर उडवायचा की लोक पोट धरून हसायचे. तिजोरीची गोष्ट, पेटीची गोष्ट, टाचणीची गोष्ट. रुमालाचीसुद्धा.

चौथ्या महिन्यात रुमालाची गोष्ट तिसऱ्यांदा सांगून झाली, तेव्हा सगळे हसले, पण कोपऱ्यात बसणारे एक निवृत्त बसचालक हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "ती किल्ली कुठे आहे आता?"

"घरात," मास्टर म्हणाला.

"हं," बसचालक म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे बघू लागले.

पुढच्या सोमवारी मास्टर बाईंच्या घरी गेला. बायको खाली रस्त्यावर थांबली. वर येऊ का असं तिने विचारलं, तो नको म्हणाला. चौथी किल्ली, बायकोने आपल्याकडे ठेवलेल्या उरलेल्या गोळ्या आणि धुऊन इस्त्री केलेला रुमाल असं सगळं त्याने एका पिशवीत आणलं होतं. सुरुवात कशी करायची हे त्याने जिन्यात पाठ केलं होतं, आणि त्यात दोन विनोद होते.

बाईंनी दार उघडलं. तो आत न जाता उंबऱ्यावरच उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. विनोद राहूनच गेले.

बाईंनी पिशवी घेतली नाही. त्या दाराला धरून उभ्या होत्या. "तीन पट्ट्या," त्या हळू म्हणाल्या. "सहा होत्या."

"हो."

"मी मोजल्या होत्या. ते गेल्यावर सगळी औषधं मोजून लिहून ठेवली होती मी, परत करायची म्हणून. नंतर बघितलं तर तीनच. मला वाटलं, माझंच डोकं चालेनासं झालं." त्या थांबल्या. "माझ्या आईचं तसंच झालं होतं. अशीच सुरुवात. मी तपासणी करून आले. दोनदा. मुलाला सांगितलं की मला एकटीला ठेवू नकोस. तो मला घेऊन जायचं म्हणतोय. घर बंद करायचं ठरवलंय आम्ही."

 आपण गोळ्या चोरल्या, एवढंच मास्टरने आजवर धरलं होतं. त्या चोरीचा हिशेब त्याने मनाशी अनेकदा करून बघितला होता आणि तो कसाबसा सोसण्याजोगा होता. हे त्यात कुठेच नव्हतं. चार महिने ही बाई घरात एकटी बसून स्वतःच्या मेंदूवर पहारा देत होती, आणि तो शनिवारी-शनिवारी त्याच प्रसंगावर लोकांना हसवत होता.

"तुमचं डोकं ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "मी मुलाला फोन करून सांगतो. म्हणाल तर आत्ता, तुमच्यासमोर."

"करा," बाई म्हणाल्या.

त्याने बाईंच्याच फोनवरून फोन केला. पलीकडून मुलगा जे बोलला ते सगळं त्याने ऐकून घेतलं, मधे तोंड घातलं नाही. बोलणं संपल्यावर त्याने फोन बाईंच्या हातात परत दिला.

बाईंनी मग पिशवी घेतली. "मला कुलूप बदलायला हवं," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडून नाही."

"नाही. अर्थातच."

"दुसरा चांगला कोण आहे?"

मास्टर म्हणाला, "पुलाखाली एक आहे. यंत्रावर किल्ल्या करतो."

"काम कसं आहे?"

वीस वर्षं त्याने या प्रश्नाचं उत्तर सगळ्या वस्तीला दिलं होतं. "चांगलं आहे," तो म्हणाला. "माणूस सरळ आहे."

"मग त्याला बोलावून घ्या. आणि तो येईपर्यंत खाली थांबा."

मशीनवाला तासाभराने आला. मास्टर आणि त्याची बायको इमारतीच्या पायरीवर बसले होते. मशीनवाल्याने विचारलं, "तुम्ही इथे असताना मला का बोलावलं?" मास्टरने सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं. मशीनवाला काही क्षण डोकं खाजवत उभा राहिला, मग "बरं" म्हणून वर गेला. येताना तो जुनं कुलूप घेऊन आला आणि म्हणाला, "बसवलं होतं मात्र झकास." मास्टरला त्या दिवशी सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

बाईंनी घर बंद केलं नाही, एवढं त्याला नंतर कळलं. रस्त्यात कधी समोरून आल्या तर त्या त्याच्याकडे बघून पुढे जातात. मान हलवत नाहीत आणि तोंडही फिरवत नाहीत. शनिवारी मास्टर अजून आपल्या गोष्टी सांगतो, लोक अजून हसतात, पण रुमालाची गोष्ट तो आता शेवटपर्यंत सांगतो, आणि ती संपते तेव्हा कुणी हसत नाही.

दीड वर्षात जिभेखालची गोळी निम्म्यावर आली. कंबर दुखते. पावसाळी हवेत जास्त दुखते, तेव्हा तो उठून दुकानासमोर फेऱ्या मारतो आणि झेरॉक्सवाल्याला सल्ले देतो.

गेल्या महिन्यात त्याची अक्कलदाढ काढावी लागली. एवढी वर्षं ती कुठे होती, असं सासूबाईंनी विचारून घेतलं. दाढ निघाली, दंतवैद्यांनी कापूस कोंबला आणि कागद पुढे ओढत म्हणाले, "रात्री दुखेल. जरा जोरदार गोळी लिहून देतो." त्यांनी नाव सांगितलं. तेच नाव.

मास्टरने हात वर केला. सांगायचं वाक्य डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. पण अर्धा जबडा बधिर, तोंडात कापूस. तो जे म्हणाला ते कुणालाच कळलं नाही. दंतवैद्य म्हणाले, "काय?" तो पुन्हा म्हणाला, जोरात. बाहेर बसलेले पेशंट आत डोकावायला लागले. तिसऱ्यांदा त्याने कापूस काढून हातात धरला आणि होता नव्हता तेवढा आवाज लावून सांगितलं, "मला ती गोळी देऊ नका. मला तिचं व्यसन होतं. मी त्याचं औषध घेतोय." तोंडातून रक्ताची लाळ सदऱ्यावर गळली.  बाहेर एका आजीबाईंनी शेजारच्या मुलीला जवळ ओढून घेतलं.

दंतवैद्यांनी लिहिलेलं खोडलं, साध्या गोळ्या लिहिल्या आणि त्या कशा घ्यायच्या ते नीट सांगितलं. मास्टर कागद घेऊन बाहेर आला. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. त्याने हसायचा प्रयत्न केला, पण अर्धंच तोंड हसलं, त्यामुळे तो आणखीच भयंकर दिसला असणार.

बायको दारात छत्री घेऊन उभी होती. "ऐकलं मी," ती म्हणाली. "रस्त्यापर्यंत ऐकू आलं."

दाढ दोन दिवस दुखली. मास्टरने घर डोक्यावर घेतलं, कण्हत फिरला, पातळ भातसुद्धा कडक आहे म्हणून तक्रार केली. तिसऱ्या दिवशी दुखायची थांबली, आणि तो दुकान उघडायला गेला.